नखाएवढी दातवाली

३ मार्च

आत्या,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं विचारून झालं असं समज आणि पाकिटातला मोठा कागद बाहेर काढ.

मी काय करते हे तुला तीन वर्षांत पाचदा सांगितलंय आणि पाचही वेळा तू ‘म्हणजे नोकरी नाहीच ना?’ असं विचारलंयस. तर सहाव्यांदा सांगते. मी आणि माझा चित्रकार मित्र, आम्ही दोघांनी मिळून एक गेम बनवलाय. नाव ‘दातवाली’. त्यात खेळणाऱ्याला राजपुत्र व्हायचं नसतं, योद्धाही नाही. पिशवीत पकडी घेऊन गुहेगुहेत जाणारी एक म्हातारी व्हायचं असतं. ती ड्रॅगनचे किडके दात उपटते. त्यातल्या काही ड्रॅगननी तिचंच गाव जाळलेलं असतं. दात काढायचा की त्याला ठणकत ठेवायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं.

२० एप्रिलला हा गेम ऑनलाइन दुकानात लागणार. तिथे हजारो गेमची चित्रं ओळीने मांडलेली असतात, प्रत्येक नखाएवढं. माणूस अंगठ्याने भराभर पुढे सरकवत जातो. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ एका चित्राला मिळतो. तेवढ्यात तो थांबला तर थांबला. पहिल्या काही दिवसांत कुणी थांबलंच नाही तर दुकान आपल्याला तळाला ढकलतं, आणि तिथून कुणी वर आलेलं मी ऐकलेलं नाही. मग चित्रकार परत खोकल्याच्या औषधांची खोकी रंगवायला जाणार आणि मी परत त्या ऑफिसात, जिथे वाढदिवसाला सगळ्यांना एकच कार्ड मिळतं.

तू चौतीस वर्षं बियाण्यांच्या पाकिटांवर भोपळे आणि टोमॅटो रंगवलेस. रस्त्याने जाणारी माणसं तुझा टोमॅटो बघून दुकानात शिरायची, हे मी लहानपणी स्वतः पाहिलंय. म्हणून तुला विचारते. फोन तू कपाटात ठेवून दिलायस, म्हणून पानभर मोठं छापून पाठवतेय. चित्र १५ एप्रिलपर्यंत दुकानाकडे गेलं पाहिजे. खरं बोल.

तुझी भिंगरी


९ मार्च

भिंगरे,

जाड पेनने आणि मोठ्या अक्षरांत लिहिते आहे, कारण तुझ्या पिढीला बारीक काही वाचायचा कंटाळा असतो. फोनचं म्हणशील तर फोनवर तू ‘हो हो’ म्हणतेस आणि करत काहीच नाहीस. कागदावर निदान पुरावा राहतो.

चित्र भिंतीला टाचलं आणि चार दिवस येताजाता पाहिलं. चित्रासमोर खुर्ची टाकून बसतो तो गिऱ्हाईक नसतो, नातेवाईक असतो.

मला दिसलं ते सांगते. एक गाय जांभई देते आहे. तिच्या मागे गवताच्या गंजीला आग लागली आहे, पण गायीला त्याचं काही सोयरसुतक नाही. वर तीन बटाटे टांगलेत. खाली मुंग्या. म्हातारी कुठे आहे? तू लिहिलंयस म्हणून शोधली. पानभर चित्रात जी सापडत नाही, ती नखावर कशी सापडायची? गायीच्या पायाशी पडली असेल तर उचलून घ्या बिचारीला. वय झालंय तिचं.

तुझ्या चित्रकाराला सांग, कष्ट दिसतात. पण कष्ट दाखवायचे असतील तर हात दाखवावेत, चित्र नाही.

आत्या


१६ मार्च

आत्या,

तू राक्षसीण आहेस.

त्या ‘गायी’च्या अंगावर चारशे बारा खवले आहेत आणि एकासारखा दुसरा नाही. बटाटे म्हणजे तीन चंद्र. मुंग्या म्हणजे राजाचं सैन्य. चित्रकाराला तुझं पत्र वाचून दाखवलं. ‘गाय’ ऐकून तो उठून गॅलरीत गेला. ‘जांभई’ला परत आला. ‘बटाटे’ ऐकल्यावर त्याने गपचूप चंद्र पुसले. नंतर म्हणाला, “इतकं जहरी आणि इतकं बरोबर मला आजवर कुणी बोललं नव्हतं. माझे सर पण नाही.”

तर आता दोन नवी चित्रं. पहिल्यात चंद्र नाहीत, सैन्य नाही. म्हातारी आहे, आणि चांगली मोठी आहे. दुसरं सल्लागाराच्या सांगण्यावरून काढलंय. आम्हाला एक सल्लागार आहे. त्याने स्वतः एकही गेम बनवलेला नाही, म्हणून त्याला सगळ्या गेमबद्दल मत आहे. तो म्हणाला, तरुण मुलगी हवी, हातात तलवार हवी, मागून सोनेरी उजेड हवा. मी म्हटलं, “अहो, पण गेममध्ये मुलगीही नाही आणि तलवारही नाही.” तो म्हणाला, “ते त्यांना नंतर कळतं ना!”

आणि तू लिहिताना घाईत असतेस का गं? तुझ्या ओळी एकमेकींच्या डोक्यावर चढल्यात. एका जागी तर तीन ओळींची गर्दी झालीय, वाचायला दोघं लागलो.

तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाई अजून जिन्यात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेतात का? निवृत्त झाल्या तरी त्यांची शाळा काही सुटत नाही. त्यांना माझ्या गेमचं एक अक्षर सांगू नकोस. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळेल, आणि तेही चुकीचं.

भिंगरी


२२ मार्च

भिंगरे,

आधी हे: खालच्या बाईंबद्दल पुढच्या पत्रात जरा बरं लिही. बाई तशा चांगल्या आहेत. उच्चार तर फारच स्वच्छ आहेत त्यांचे.

आता चित्रं. पहिलं म्हणजे हिरव्या बशीत सोलून ठेवलेलं उकडलेलं अंडं. शेजारी मिठाची डबी. भूक लागेल, पण गेम घ्यावासा वाटणार नाही. दुसरं म्हणजे सोनेरी टोपणाची बाटली. तुझ्या चित्रकाराचा हात अजून खोकल्याच्या औषधातून बाहेर आलेला नाही. मागचा उजेड बहुतेक औषध लगेच लागू पडतं हे सांगायला असावा.

सल्लागाराला एक गोष्ट सांग. एकदा मालकाने नव्या कलिंगडाच्या पाकिटावर लालभडक फोड काढायला लावली. मी काढली, आणि अशी काढली की बघून हनुवटीवर रस आल्यासारखं वाटावं. बियाणं निघालं फिकट, पांढुरक्या गराचं. पुढच्या हंगामात लोक रिकामी पाकिटं घेऊन दुकानात आले. मालक मला पुढे करून म्हणाला, “चित्र यांचंच आहे.” एका बाईने ते पाकीट माझ्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, “हे कुठे बघितलं होतंत तुम्ही?” तेव्हापासून जे आत नाही ते मी बाहेर काढलं नाही. ‘तलवारवाली मुलगी कुठाय?’ असं विचारत लोक आले की सल्लागार दारात उभा राहणार आहे का, तेवढं विचारून घे.

आणि पारख करायची रीत सांगते, चित्रकाराला शिकव. पाकीट बाकीच्या पाकिटांमध्ये फळीवर ठेवायचं. दारापर्यंत मागे जायचं. मग पाकिटाकडे नाही, दुकानदाराकडे बघायचं. डोळ्याच्या कोपऱ्यातून जे हाक मारतं ते चांगलं पाकीट. सरळ बघितलं की सगळीच गोड बोलतात.

आत्या


३० मार्च

आत्या,

बाई फार चांगल्या आहेत. झालं?

चित्रकाराला वेड लागलंय. त्याने दुकानातल्या पन्नास गेमची चित्रं छापून भिंतीला लावली, मध्ये आपलं. तो दारात उभा राहतो आणि चित्रांकडे न बघता माझ्याकडे बघत बसतो. मी तिथे बसून काम करायचं. काल पाणी द्यायला आलेला माणूस आम्हाला बघून आल्यापावली परत गेला.

अंडं आणि बाटली दोन्ही फाडली. सल्लागार म्हणाला, “तुमच्या आत्याबाईंना बाजार कळत नाही.” चित्रकार त्याला म्हणाला, “तुम्हाला अंडंसुद्धा दिसलं नव्हतं.”

सोबत नवं चित्र आहे. या वेळी त्यात काय आहे ते लिहीत नाही. दिवस थोडे उरलेत, आणि हेही पडलं तर आमच्याकडे आणखी एक काढायचा दम नाही. लवकर कळव.

भिंगरी


४ एप्रिल

भिंगरे,

तोंड आहे. फार मोठ्या कुणाचं तरी, उघडं. सगळं काळं. आत एकच पांढरा दात, आणि त्याच्याशी केशरी काहीतरी उभं आहे. माणूस असावं. बाई असावी, कारण पुरुष इतक्या आत आरडाओरडा न करता शिरत नाही. तिला गिळतायत की ती कामाला आली आहे, ते कळेना. ते कळावं म्हणून मी तिथेच थांबले. हातातला चहा गार झाला.

दाराजवळून पाहिलं. खिडकीजवळून पाहिलं. दुपारी पडदा ओढून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच दिसलं. मला दिसलं गं.

याला आता हात लावू नका.

आत्या


७ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र वाचून चित्रकार रडला. वर म्हणाला की त्याला सर्दी झालीय. औषधाची बाटली काढणाऱ्याला सर्दी!

पण एक शेवटचा घोळ आहे. सल्लागार म्हणतो, म्हातारीच्या चेहऱ्यावर भाव हवेत, डोळे दिसले पाहिजेत. म्हणून दोन चित्रं काढलीत. तोंड तेच, दात तोच, फक्त तिचा चेहरा थोडा आपल्याकडे वळवलाय. एकात तिच्या डोळ्यांत राग आहे, कारण याच ड्रॅगनने तिचं गाव जाळलंय. दुसऱ्यात दया आहे, कारण त्याला दुखतंय. मला राग हवा, चित्रकाराला दया. यावरून आमचं इतकं वाजलंय की आम्ही एकाच खोलीत बसून एकमेकांना ईमेल करतोय. शेवटी ठरलं, आत्या सांगेल ते.

गेमच्या शेवटी काम करणाऱ्यांची नावं येतात. तिथे आम्ही लिहिणार आहोत: ‘नजर: आत्या’. नाही म्हणू नकोस. कुरियरने पाठवतेय, तूही कुरियरनेच कळव.

भिंगरी


१० एप्रिल

भिंगरे,

डावं फेकून द्या. त्यातली बाई घरपट्टी वसूल करायला आल्यासारखी बघते आहे. उजवीच्या डोळ्यांत दया आहे. खालच्या पापणीत, अगदी थोडी, पण आहे. चित्रकाराला सांग, ती पापणी अजून जराशी ओली कर. म्हणजे तुझा राग बाहेर आणि त्याची दया आत. भांडण मिटवा.

नाव वगैरे लिहू नका. उगाच काहीतरी.

आत्या


१३ एप्रिल

आत्या,

आज टेबल आवरताना कीबोर्डखाली एक कागद सापडला. दयावाली म्हातारी.

मी तुला रागवालीच दोनदा पाठवली होती. दोन्ही चित्रं एकच आहेत. एकाच फाइलची दोन पानं. डावीकडे घरपट्टी आणि उजवीकडे दया तुला कुठे दिसली? चित्रकार दोन दिवस पापणी ओली करत बसलाय. त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

आता मला काहीच कळेनासं झालंय. गाय होती का? अंडं होतं का? की तू तिथे बसून आमची मजा घेत होतीस, आणि आम्ही इथे वेड्यासारखे दारात उभे राहत होतो? थट्टा तू सगळ्यांचीच करतेस, माझी तर जन्मापासून. पण हे माझं तीन वर्षांचं आहे, आत्या. तुझ्या एकेका शब्दावर आम्ही चित्रं फाडली. परवा ते द्यायचंय. कंटाळा आला होता तर ‘मला नाही कळत’ एवढंच लिहायचंस.

भिंगरी


१६ एप्रिल

भिंगरे,

हे तुला वेळेत मिळणार नाही, माहीत आहे. तरी लिहिते.

मी थट्टा करत नव्हते. मला खरंच गाय दिसली.

उजवा डोळा जाऊन दोन वर्षं झाली. डावाही वर्षभरापासून त्याच वाटेने निघालाय. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं होतं, तिथे राखाडी डाग येतो. कडेचं तेवढं दिसतं. आकार दिसतो, रंग दिसतो. चेहरे जातात. पहिलं चित्र लावलं तेव्हा चार दिवस प्रयत्न करून मला जे दिसलं ते मी प्रामाणिकपणे लिहिलं. मग तुझं पत्र आलं की काय जहरी, काय बरोबर! तुम्हाला तो टोमणा वाटला. मी म्हटलं, वाटू दे. अंडंही मला दिसलंच होतं. बाटलीही. तोंड दिसलं तेव्हा तर मी खुर्चीत बसून राहिले, कारण वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी काढलेलं मला पूर्ण दिसलं होतं.

पापणी मात्र खोटी. त्या पत्रात तू ‘नजर: आत्या’ लिहिलंस आणि मला ‘दिसत नाही’ लिहवेना. हे माझं शेवटचं काम होतं, आणि ते माझ्या हातून काढून घ्याल अशी भीती वाटली. कलिंगडानंतरची ही दुसरी लबाडी. या वेळी मालकही नव्हता मला भरीला घालायला.

फोन दिसत नाही म्हणून कपाटात ठेवलाय. तुझी पत्रं खालच्या बाई वाचून दाखवतात. हो, तेही पत्र. जिन्यातल्या हजेरीचं वाक्य त्यांनी एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने वाचलं, आणि पुढे सरकल्या. ‘दोन्ही चित्रं सारखीच दिसतात हो’ हेही त्या म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, “बाई, तुम्हाला चित्रातलं काय कळतं?”

डॉक्टरांनी डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं. मी एकदाही गेले नाही. तिथे अक्षरांचा तक्ता असतो, आणि त्याच्यासमोर मला बसवत नाही.

तुझं नुकसान झालं असेल तर मला सांगशील.

आत्या


२४ एप्रिल

आत्या,

मी रागावले होते. मग तुझं पत्र आलं आणि आणखी रागावले. हे उत्तर तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन तुझ्यापेक्षा बाईंच्याच कानाला जास्त झोंबली असती.

१५ तारखेला दुपारी चित्रकाराने विचारलं, “पापणी कुठली ठेवू?” मी म्हटलं, “पुसून टाक. चेहराच नको, परत पाठमोरी कर.” का, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. तू खोटं बोललीस याचा संताप होता, पण एवढंही दिसत होतं की पापणी यायच्या आधीच तुझा चहा गार झाला होता. चित्रकाराने दोन दिवसांची मेहनत तीन मिनिटांत पुसली आणि म्हणाला, “हलकं वाटतंय.” सल्लागाराने त्याच दिवशी आमचं काम सोडलं. ते जास्त हलकं वाटलं.

चार दिवस झाले. आम्ही तळाला गेलेलो नाही. वरच्या फळीवरही नाही, मधे कुठेतरी आहोत, पण रोज नवी माणसं थांबतायत. चित्राखालच्या प्रतिक्रियांत लोक भांडतायत की ती बाई गिळली जातेय की कामाला आलीय. एकाने लिहिलंय, गिळली जाईल या आशेने घेतला होता, फसवणूक झाली. पुढचा गेम बनवता येईल इतपत चाललंय. कार्डवाल्या ऑफिसला ‘परत येते’ असं मी नाही कळवलं.

गाय, अंडं, बाटली तू दिसली तशी लिहिलीस आणि त्यांनीच आम्हाला वाचवलं. अंगठ्याने सरकवणाऱ्या माणसाला तुझ्याइतकंच दिसतं, आणि त्याला तर डोळे चांगले असूनही. हे खरं आहे. पण ते खरं आहे म्हणून तू तो एक डोळाही घालवून बसणार असशील, तर तुझं नाव मी गेममधून काढते. इतके दिवस मला न सांगितल्याचा राग माझ्या मनात आहे आणि तो पत्राने जाणार नाही.

मी येत्या गुरुवारी येते. डॉक्टरांची साडेदहाची वेळ घेतलीय. तक्त्यासमोर मी तुझ्या शेजारी बसेन. वेळ बाईंनीच मिळवून दिली. त्यांची मी फोनवर माफी मागितली. त्यांनी माफीचं वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, दुसऱ्यांदा जरा सावकाश.

भिंगरी


२८ एप्रिल

भिंगरे,

हे मी बोलते आहे आणि बाई लिहीत आहेत. दोन ठिकाणी त्यांनी माझी भाषा सुधारली. कुठे ते विचारू नकोस, मलाही वाचता येत नाही.

ये. घर आवरलेलं नाही, आणि मी आवरलंय असं म्हटलं तरी विश्वास ठेवू नकोस.

इंजेक्शनची मला भीती वाटते. हे एकदाच सांगते आहे, तिथे गेल्यावर विचारायचं नाही. त्या डॉक्टरांकडे दीड-दोन तास बसवून ठेवतात. तेवढ्या वेळात लोकांनी तुमच्या गेमबद्दल जे जे लिहिलंय ते मला वाचून दाखव. वाईट असेल ते आधी. आणि माझ्यासाठी म्हणून मधलं काही गाळू नकोस. गाळताना तुझा आवाज बारीक होतो, आणि ते मला चांगलं कळतं.

आत्या